तिसरं ‘ठीक’

२३ सप्टेंबर, मंगळवार. ढगाळ, सुट्टी.

पितरांच्या आठवड्यातली सुट्टी, पण आमच्या रुग्णवाहिका-पथकाची पाळी. दुपारी दोनला फोन आला. टेकडीवरची सरकारी वसाहत, सात नंबरची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. हात्तोरी मिने, वय चौऱ्याहत्तर. दिवंगत नवऱ्याच्या देव्हाऱ्यापुढची ओहागी, गोड सारणात घोळलेला चिकट भाताचा गोळा, उतरवून खाल्ली आणि ती घशात अडकली. लेक कायो समोरच होती.

पोचलो तेव्हा ओठ निळे, श्वास नाही. चिमट्याने दोन तुकडे काढले, तेवढ्यात हृदय थांबलं. फोनवरून डॉक्टरांची परवानगी घेऊन श्वासनळीत नळी घातली, पहिल्याच प्रयत्नात. चार मिनिटांनी नाडी परत आली. कापडी स्ट्रेचरवरून खाली आणलं. गाडीत पुन्हा तपासलं, सगळं ठीक. इस्पितळाच्या फाटकाशी नाडी पुन्हा गेली. आत डॉक्टरांनी पाहिलं तर नळी निघालेली. पलंगावर घेताना निघाली असावी, असं ते म्हणाले. तसंच असावं.

त्यांनी नवी नळी घातली, नाडी आली. बाई अतिदक्षता विभागात आहेत. मी दमलो आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार. पाऊस.

परवाचं पान वाचलं. ‘गाडीत पुन्हा तपासलं, सगळं ठीक’ हे मी लिहिलं आहे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचणार नव्हतं. तरी लिहिलं.

जे झालं ते लिहितो.

नळी ओठांशी एकवीस सेंटीमीटरच्या खुणेवर बांधली होती. जिन्यात दर वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागलं. श्वासातला वायू मोजणारी बारीक नळी कठड्यात अडकू नये म्हणून मी काढली होती, खाली आल्यावर पुन्हा जोडली. पडद्यावर आकडा आला नाही. ओल धरली की ती असं करते.

मग मी बोट दाखवलं आणि म्हटलं, ‘नळी एकवीस, ठीक. छाती दोन्हीकडे, ठीक.’ वीस वर्षं मी हेच करत आलो. बोट दाखवायचं, मोठ्याने म्हणायचं, पथकातल्या उरलेल्या दोघांनी तेच उचलून म्हणायचं. गाडी सोडताना, ऑक्सिजन उघडताना, दार लावताना. आमचा धंदाच त्यावर चालतो. घरी गॅस बंद करतानासुद्धा माझं बोट उठतं आणि बायको हसते.

बोट नळीकडे होतं. डोळे नव्हते. पथकातली नागुमो श्वासाची पिशवी दाबत होती, किताहाता-सान मागच्या दारात स्ट्रेचरचं पायाकडचं टोक धरून उभे होते, आणि त्यांच्या मागे ती लेक होती, एका पायात सपात, दुसऱ्यात काही नाही, दोन्ही हात गोड सारणाने माखलेले, ते अंगापासून लांब धरलेले. मी तिच्या हातांकडे बघत होतो. तिला गाडीत कुठे बसवायचं याचा विचार करत होतो. मग किताहाता-सान तिला पुढे बसवायला घेऊन गेले आणि गाडी निघाली.

वाटेत बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णववरून एकाहत्तरवर आला. बोटं गार पडली असतील असं मी म्हणालो. नागुमोने मान हलवली. फाटकाशी नाडी गेली.

नाडी पलंगावर घेण्याआधी गेली. म्हणजे नळी पलंगावर घेताना निघाली नाही. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

अहवालात मी लिहिलंय: ‘वायूमापक, ओलाव्यामुळे आकडा नाही. नळीची जागा डोळ्यांनी व आवाजावरून निश्चित.’ यंत्र खरं सांगत होतं. मी त्याला ओल लागली म्हणालो.

२९ सप्टेंबर, सोमवार. निरभ्र.

पाळी. बाईंना शुद्ध नाही.

किताहाता-सान विचित्र वागतात. निवृत्त होऊन पुन्हा नेमलेला माणूस, एकसष्ट वर्षांचा. गाडी चालवणं हे त्यांचं काम. पण सकाळच्या तपासणीत वायूमापकाची नळी त्यांनी स्वतः काढली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, दहा मिनिटांनी यंत्राला लावली आणि स्वतःच्या तोंडात धरून श्वास सोडला. पडद्यावर छत्तीस आकडा आला.

‘चालते की,’ ते म्हणाले. ‘भिजली तरी चालते, कप्तान.’

मी म्हटलं, कधी चालते, कधी नाही. त्यांनी नळी पुसून जागेवर ठेवली. वय झालं की माणसाला असल्या खेळांचा नाद लागतो, असं मी नागुमोला नंतर म्हणालो. ती हसली नाही. ती सध्या इस्पितळात नळी घालण्याचं प्रशिक्षण घेते आहे. तीस रुग्ण पूर्ण करायचे आहेत, सव्वीस झाले. ताण असतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

हात्तोरी मिने पहाटे गेल्या. अग्निशमन ठाण्यातल्या फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं. दुपारी पुसलं.

८ ऑक्टोबर, बुधवार. वारा.

कायो-सान ठाण्यावर आल्या. काळे कपडे, हातात कापडात बांधलेला डबा. शिमोजी-सान, म्हणजे आमचे ठाणेप्रमुख, म्हणाले की भेट आम्हाला घेता येत नाही, पण भावना पोचल्या. पथकाला खाली बोलावलं. आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो.

त्या बोलायला लागल्या तेव्हा मला वाटलं आभार मानतील आणि जातील. आभार मानलेच. मग म्हणाल्या, ‘आईला मोठी ओहागी आवडायची. दरवर्षी मी छोट्या करते, या वर्षी तिने फोनवर सांगितलं, माझ्या मुठीएवढ्या कर. मी केल्या.’ मूठ करून दाखवली. ‘आणि अडकल्यावर मी आधी पाठीत मारत बसले. पाच मिनिटं तरी. मग फोन केला. तुम्ही इतकं करूनही… ते माझंच.’

शिमोजी-सान म्हणाले, असं म्हणू नका, कोणाच्याही बाबतीत होतं. सगळे वाकले तेव्हा मीही वाकलो. वर आलो तेव्हा त्या गेल्या होत्या. मला त्यांच्या हातांकडे बघायचं नव्हतं, आणि मी तेवढंच बघितलं. स्वच्छ होते.

घरी बायकोने, साएकोने विचारलं, जेवत का नाहीस. पितरांच्या आठवड्यात शेजारणीने दिलेल्या ओहागी शीतपेटीच्या तळाशी होत्या. मी म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, ‘त्यांनी काय केलंय तुला?’

९ ऑक्टोबर, गुरुवार.

शिमोजी-सानांशी बोललो. दार लावून. मी म्हटलं, अहवाल दुरुस्त करायचा आहे, गाडीत मी खूण पाहिली नव्हती.

त्यांनी बराच वेळ चहा ढवळला. चहात साखर नव्हती. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडीतल्या रेकॉर्डिंगवर माझा आवाज आहे, स्पष्ट. नळी एकवीस, ठीक. इस्पितळाने लिहून दिलंय की पलंगावर घेताना निघाली असावी. मी वेगळं बोललो तर इस्पितळही खोटं पडतं. आमच्या पथकाची नळी घालायची परवानगी चौकशी होईपर्यंत थांबेल. किनाऱ्याच्या या बाजूला ती परवानगी असलेलं दुसरं पथक चाळीस मिनिटांवर आहे. तेवढ्या काळात कोणाचा तरी दमा चढेल, कोणाच्या तरी घशात काही अडकेल. नागुमोचे तीस पूर्ण व्हायचे नाहीत.

‘तू कॉलेजात शिकलेला माणूस,’ ते म्हणाले. ‘तुला मागचा विचार करत बसणं परवडतं. मला पुढच्या फोनचा करावा लागतो.’

हे चूक आहे असं मला म्हणता येत नाही. संध्याकाळभर शोधलं, त्यात चूक सापडली नाही. एवढंच की या हिशोबात कायो-सानांची मूठ कुठेच येत नाही.

आणखी एक विचारतो, स्वतःलाच. मला सांगायचंय ते तिच्यासाठी, की मला झोप यावी म्हणून? दोन्ही असेल तर पाप किती आणि पुण्य किती, हे कोण मोजणार.

कुटुंबाला परस्पर भेटायचं नाही, हेही त्यांनी जाताना सांगितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. ढगाळ.

या प्रकरणाची तपासणी-बैठक सतरा तारखेला. तयारी म्हणून रेकॉर्डिंग ऐकायला मिळालं. ठाण्याच्या मागच्या खोलीत, खिडकी नसलेल्या. चार वेळा ऐकलं.

माझा आवाज: नळी एकवीस, ठीक. छाती दोन्हीकडे, ठीक. त्यामागे नागुमोचा: ठीक. मग दार लागल्याचा आवाज, मग इंजिन.

काय भरदार आवाज आहे माझा. कोणालाही विश्वास बसेल. मलाही बसला असता.

एक बारीकशी त्रुटी आढळली: तिसरं ‘ठीक’ नाही. नियमाप्रमाणे किताहाता-सानांचंही हवं. तोवर ते पुढे चालकाच्या जागी गेले असणार. बैठकीत कोणी विचारलं तर तसं सांगेन, नाहीतर म्हाताऱ्याला उगाच बोल लागायचा. त्यांचं पुढच्या वर्षाचं करारपत्र या महिन्यात निघतं आणि शेरा मलाच लिहायचा असतो. मी चांगलाच लिहिला आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. पाऊस.

बैठक झाली.

लांब टेबल, सात माणसं, प्रत्येकापुढे चहाची बाटली. अध्यक्ष डॉ. ओगुरा, इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाचे जुने प्रमुख. आमच्या प्रकरणाला अकरा मिनिटं होती. रेकॉर्डिंग वाजवलं. माझं ‘ठीक’ त्या खोलीत आणखीनच भरदार वाटलं. ओगुरा म्हणाले, पायरी-पायरीने नमुनेदार काम. यंत्रातल्या ओलाव्याबद्दल उत्पादकाला कळवावं. हस्तांतर करताना नळी धरायची पद्धत इस्पितळाने सुधारावी. मग विचारलं, कप्तान सुगायांना काही सांगायचं आहे का.

मी उभा राहिलो. घरून वाक्य ठरवून गेलो होतो: मी खूण पाहिली नाही. तोंडातून आलं ते असं: ‘माझं निरीक्षण अपुरं पडलं. गाडीत खूण नीट पाहिली गेली नाही. मनापासून क्षमा मागतो.’ आणि मी वाकलो.

सरळ झालो तेव्हा सगळे माझ्याकडे मायेने बघत होते. ओगुरांनी मान डोलावली. म्हणाले, ‘इतकं करूनही स्वतःकडे बोट दाखवणारा कप्तान या पथकाला लाभला आहे. जबाबदारीची ही जाणीव नोंदवून घ्या.’ सचिवाने नोंदवली. पुढचं प्रकरण.

क्षमा तर आमच्याकडे प्रत्येकजण मागतो. उशिरा आलेला मागतो, वेळेवर आलेलाही मागतो. त्या वाक्यात मी खरं गुंडाळून दिलं आणि त्यांनी कापड पाहून परत केलं. मला आणखी एकदा बोलता आलं असतं. ‘तसं नव्हे, मी बघितलंच नाही.’ पाच शब्द. अकरा मिनिटांतली दोन शिल्लक होती, मी घड्याळ पाहिलं होतं.

मग का नाही बोललो? मला वाटतं, ते माया दाखवत होते आणि मला ती हवी होती.

शिमोजी-सानांनी गाडीत माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुटका झाल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. शेवटचं दार होतं ते बाहेरून लागलं.

१९ ऑक्टोबर, रविवार. निरभ्र, थंडी.

पाळी. सकाळची तपासणी. मी नळीच्या संचाकडे बोट दाखवलं, ‘ठीक’ म्हटलं. नागुमोने म्हटलं. किताहाता-सान गप्प.

मी वाट पाहिली. नागुमो काहीतरी ठेवून यायला म्हणून उतरून गेली, हातात काहीच नसताना.

‘किताहाता-सान, तुमचं राहिलं,’ मी म्हटलं.

‘मोजलेत का?’

‘काय?’

‘संचात पाच आकारांच्या पाच नळ्या असतात. आज चार आहेत. एक मी काढून खिशात ठेवलीय.’ त्यांनी खिशातून काढून दाखवली. ‘तुम्ही ठीक म्हणालात.’

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग आला, हे खरं आहे. आधी राग आला.

ते गाडीच्या पायरीवर बसले. गुडघे दुखतात त्यांचे. म्हणाले, ‘त्या दिवशी मी मागच्या दारातच होतो, कप्तान. बाईंच्या पायाशी. नळी मला दिसत होती. एकवीसची खूण ओठांच्या केवढी तरी बाहेर होती, ओठांशी चौदा-पंधरा असेल. तुम्ही एकवीस म्हणालात. नागुमो ठीक म्हणाली, ती पिशवीकडे बघत होती. मी म्हटलं नाही.’

मी म्हटलं, तुम्ही पुढे गेला होतात.

‘नंतर गेलो. मुलीला घेऊन.’ मग म्हणाले, ‘मी ठीक म्हटलं नाही. एवढंच माझ्याच्याने झालं. म्हणायला हवं होतं, थांबा. चाळीस वर्षांत कप्तानाला थांबा म्हटलेलं नाही. वाटलं, तुम्हाला कळेल. दोघांचा आवाज आला नि तिसऱ्याचा नाही, म्हणजे कळायला हवं.’

‘मला ऐकू आलं नाही.’

‘हो. ते मी नंतर रोज बघतोय.’

मग त्यांनी करारपत्राचं सांगितलं. बायकोचं डायलिसिस चालू आहे, हे मला माहीत होतं. शेरा लिहिणाऱ्या माणसाविरुद्ध बोलून आणखी एक वर्ष मिळालं नसतं. आणि मी तो चांगला शेरा लिहून स्वतःला मोठा समजत होतो.

ही वही मी मागून पुढे वाचली. तिसरं ‘ठीक’ नाही, हे मीच लिहिलंय. ते मागच्या दारात होते, हेही मीच लिहिलंय. सतरा दिवसांच्या अंतराने. दोन्ही वाक्यं एकाच वहीत होती आणि मला ती जोडता आली नाहीत.

२० ऑक्टोबर, सोमवार.

दोघांच्या सहीचं पत्र तयार केलं. अर्धं पान. ‘मी खूण पाहिली नाही. पाहिली असं म्हणालो.’ खाली किताहाता-सानांचं: ‘मला दिसलं. मी बोललो नाही.’ कोणाची क्षमा मागितलेली नाही. मी दोनदा लिहिली, त्यांनी दोनदा खोडली. शिमोजी-सानांच्या टेबलावर ठेवलं, प्रत डॉ. ओगुरांना टपालाने. शिमोजी-सानांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, रात्री दम्याचा फोन आला तर मी कोणाला पाठवू.

त्यांनी मला गाडीवरून उतरवलं. करारपत्राचं काय, ते बोलले नाहीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. निरभ्र.

नियम मोडून वसाहतीत गेलो. किताहाता-सान आले, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले, गुडघ्यांमुळे म्हणाले. जिना मला इतका अरुंद आठवत नव्हता.

कायो-सान आईचं घर रिकामं करत होत्या. दारात खोकी. आत बोलावलं, मी दारातच उभा राहिलो आणि सांगितलं. या वेळी ठरवून नेलेलं वाक्यच म्हणालो. मग वाकायचा होतो, वाकलो नाही.

त्या बराच वेळ खोक्याच्या चिकटपट्टीवर बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, ‘हे लिहून द्या. तोंडी काय, इस्पितळातही सगळे चांगलं बोलले.’

मी वही नेली होती, हे मान्य करतो. असं काही होईल असं वाटलं असणार. पण कुठलं पान द्यायचं हे ठरलं नव्हतं. पंचविसाव्या तारखेचं दिलं तर मी प्रामाणिक दिसतो. आणि त्यात तिचे हात आहेत. मी नळी सोडून तिच्याकडे बघत होतो, हे वाचून ती आणखी एक ओझं उचलेल. ती ओळ झाकायची? मग मी पुन्हा न बघता ‘ठीक’ म्हणतोय. तिथे दारात उभं राहून हे सगळं मनात आलं, आणि मला कळेना की काळजी तिची करतोय की माझी.

तेविसाव्या आणि पंचविसाव्या, दोन्ही तारखांची पानं फाडून दिली. ज्यात सगळं ठीक आहे तेही.

त्यांनी उभ्यानेच वाचली. एकदा परत मागे जाऊन वाचली. मग आपल्या हातांकडे पाहिलं.

‘मला वाटत होतं मी हात धुऊन खाली आले होते,’ त्या म्हणाल्या. ‘नक्की आठवत होतं. नळाखाली धुतले.’

मग त्यांनी पान उलटून विचारलं,

‘जिना उतरताना आईची नाडी होती?’

‘होती.’

‘खालपर्यंत?’

‘खालपर्यंत होती. मी स्वतः बोट ठेवून होतो. ते मी पाहिलं होतं.’

‘माझ्या पाच मिनिटांनंतरही.’

‘हो.’

त्यापुढे आई जगली असती का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, शुद्धीवर आल्या असत्या असं कोणी सांगू शकणार नाही, पण खालपर्यंत होत्या. त्यांनी पानांची घडी केली आणि काळ्या पिशवीत ठेवली. ‘आता तुम्ही जा,’ म्हणाल्या. रागाने नाही, मायेनेही नाही. ‘मला कोणाकडे तरी जाऊन विचारायचंय की याचं काय करतात.’ मी तपासणी कार्यालयाचा पत्ता दिला. त्यांनी पानं पुन्हा काढून तो त्यांच्याच मागे लिहून घेतला.

दार लागलं. खाली वळणावर किताहाता-सानांनी विचारलं, ‘सांगितलंत?’

‘हो.’

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. कठडा धरून उठले. दोन पायऱ्या उतरल्यावर, पुढे बघतच, म्हणाले, ‘ठीक.’

वाटेत प्रती काढायला दुकानात थांबावं लागलं नाही. फाडण्याआधी दोन्ही पानांच्या प्रती सकाळीच काढल्या होत्या. त्या या वहीत जागच्या जागी डिंकाने चिकटवल्या आहेत. मूळ पानं तिच्याकडे आहेत.